सायकलच्या लॉकची चावी हरवली तर लॉक कसं काढायचं, गोव्यातल्या सायकलवाल्यांसाठी

पहिली गोष्ट, दगड मारून सायकलचं लॉक उघडत नाही. आमच्या वाड्यावर कोणाची सायकल अडकली की माझ्याकडे हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, मागायला येतात आणि त्यातले बरेचजण आधी दगड नाहीतर हातोडी मारून आलेले असतात. लॉक असतं तसंच असतं, पण मागच्या चाकाच्या दोन तारा वाकलेल्या, रिमला पोचा, मडगार्ड चेपलेलं. वर मार बसल्यामुळे लॉकच्या आतलं सगळं जाम होतं, मग नंतर चावी सापडली तरी ती फिरत नाही. लॉक काय, नवीन येतं, पण चाक परत सरळ करायला पैसे जास्त जातात आणि आता तारा नीट ओढून देणारा मेकॅनिक मिळणं पण कठीण झालंय. म्हणून खाली जे काय लिहिलंय ते सगळं या एकाच हिशेबाने, कापायचं झालं तर लॉक कापायचं, सायकलला ओरखडा पण येता नये.

आणि कापायच्या आधी शोधायचं, डोकं लावून शोधायचं. जुन्या हर्क्युलस, ॲटलस, हिरो सायकलींच्या मागच्या चाकाला जे गोल रिंग लॉक असतं ना, त्यातल्या बऱ्याच लॉकमध्ये लॉक उघडं असताना चावी बाहेर येतच नाही, लॉक लावलं की मगच ती हातात येते. म्हणजे लॉक लागलेलं आहे याचाच अर्थ चावी इथं तुमच्या हातात होती, आणि पडली असेल ती इथून पुढं जिथं जिथं गेलात तेवढ्याच वाटेवर. मासळीवाल्या बाईकडे पैसे काढताना खिशात हात घातला होता का, देवळाबाहेर चपला काढताना, फेरीबोटीत पाऊस आला म्हणून रेनकोट काढताना. रेनकोटचा खिसा दोनदा बघा, पावसाळ्यात अर्ध्या चाव्या तिथंच सापडतात. दुकानदारांना विचारा, आपल्याकडे सापडलेली चावी कोणी टाकून देत नाही, काउंटरवर नाहीतर खिळ्याला लटकवून ठेवतात.

नाहीच मिळाली तर दुसरी चावी. बहुतेक लॉकबरोबर दोन चाव्या येतात आणि दुसरी बहुतेक वेळा घरी बिलांच्या ड्रॉवरमध्ये तारेत अडकवलेली तशीच पडून असते. घरी फोन करा, शोधायला सांगा. तुम्ही पणजीत अडकलात आणि चावी घरी म्हापशाला आहे तर कोणी कदंबच्या बसने येत असेल त्याच्याबरोबर मागवा, किंवा जवळच असेल तर पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला सांगा, भाडं देऊन चावी आणून देईल, नवीन लॉकपेक्षा स्वस्त पडतं. महागातल्या काही लॉकच्या चावीवर किंवा सोबत आलेल्या कार्डावर एक नंबर असतो, त्या नंबरावरून कंपनी डुप्लिकेट चावी करून देते, पण त्याला दिवस लागतात, सायकल घरात उभी असेल तरच त्याचा उपयोग.

भाड्याची सायकल असेल, कळंगुट-बागाकडे नाहीतर दिवाडी बेटावर फिरायला घेतलेली, तर काहीच करू नका, मालकाला फोन लावा. त्याच्याकडे दुसरी चावी असते. लॉक त्याचं, निर्णय त्याचा.

आता एक जरा नाजूक विषय. भर बाजारात सायकलचं लॉक कापणारा माणूस आणि सायकल चोरणारा माणूस लांबून सारखेच दिसतात, आणि लोकांनी विचारलं तर त्यांच्यावर चिडू नका, विचारतात हे चांगलंच आहे, उद्या तुमच्याच सायकलला कोणी हात लावला तर अडवणारं कोणीतरी असायला हवं. सायकलला आरटीओचा नंबर नसतो, म्हणून आपली आहे हे दाखवायला बिल, मोबाईलमधला जुना फोटो आणि फ्रेम नंबर एवढंच असतं. फ्रेम नंबर बहुतेक सायकलींना खाली, दोन्ही पेडल जिथं जोडलेले असतात त्या जाड नळीच्या तळाला ठोकलेला असतो, सायकल आडवी केली की दिसतो, चिखल असेल तर फडक्याने पुसा. तो बिलावरच्या नंबराशी जुळला की कोणी पुढं काही बोलत नाही. काम सुरू करायच्या आधी शेजारच्या दुकानदाराला जाऊन सांगा, बाब, माझी सायकल आहे, चावी हरवली, लॉक कापतोय. स्टेशनवर, थिवी करमळी मडगाव कुठंही, पार्किंगवाल्याला पावती दाखवा आणि त्याच्या समोरच कापा. पार्किंगवाला नसेल तर रेल्वे पोलिसांना कळवा. रात्री अंधारात एकट्याने ग्राइंडर, म्हणजे चकतीने धातू कापायचं मशीन, लावायला जाऊ नका, सकाळी करा.

आणि कधी कधी असं होतं की तुमचं लॉक वेगळं आणि सायकलला लागलेलं लॉक भलतंच. दोन शक्यता असतात. एक, शेजारच्या सायकलवाल्याने घाईत आपली केबल तुमच्या फ्रेममधून पण घातली, तर थोडं थांबा, चिठ्ठी लावा, येईल तो. दुसरी शक्यता वाईट, चोर मुद्दाम आपलं लॉक लावून जातो म्हणजे तुम्ही कंटाळून सायकल रात्रभर तिथंच सोडाल. अशा वेळी सायकल सोडून जाऊ नका, फोटो काढा, ११२ ला फोन करा आणि पोलीस आले की मगच लॉकला हात लावा.

एवढं झालं की लॉक कुठून कसं गेलंय ते शांतपणे बघा. केबल फक्त पुढच्या चाकातून गेली असेल आणि चाकाला क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय हाताने उघडणारा दांडा, असेल तर चाक काढून सायकल मोकळी करता येते, चाक तेवढं तिथं राहतं, नंतर आरामात सोडवा. सीटच्या दांड्याला अडकवलं असेल तर सीट दांड्यासकट वर काढली की केबल वरून निघते. लोखंडी स्टँडला बांधलीय आणि तो स्टँड तुमच्याच सोसायटीचा नटबोल्टवाला असेल तर पाना लावून स्टँडची दांडी सोडवा. पंचायतीचा खांब, कोणाचं गेट, फेरी धक्क्याची रेलिंग यांना मात्र हात लावायचा नाही.

चावीवाला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पणजीच्या मार्केटजवळ, मडगावात चावीवाले बसतात आणि साधं रिंग लॉक किंवा साधं कुलूप असेल तर माझं मत विचाराल तर कापण्याआधी त्यांच्याकडेच जा. चांगला चावीवाला लॉक न तोडता चावी बनवतो, कोरी चावी आत घालून दाब देऊन हलवतो, लॉकच्या आतल्या बारीक पट्ट्यांचे त्या चावीवर बारीक ठसे उमटतात, ते बघून तिथं तिथं कानस मारतो, परत घालतो, परत बघतो, असं करत करत चावी तयार होते आणि लॉक पुढची काही वर्षं तसंच वापरता येतं. हे बघण्यासारखं काम आहे, नुसती नजर आणि हात. तो तुम्हाला दोन प्रश्न विचारेलच की सायकल कोणाची, नीट उत्तर द्या. सायकल त्याच्यापर्यंत न्यायची तर मागचं चाक कॅरिअरला धरून उचलायचं आणि पुढच्या चाकावर चालवत न्यायची, लांब असेल तर ओळखीचा टेम्पो बघा. लॉक लागलेलं चाक फरफटत ओढायचं नाही, टायर एकाच जागी घासून तार दिसायला लागते. फक्त वेळ सांभाळा, दुपारी १ ते ४ च्या दरम्यान आपल्याकडे चावीवाला, हार्डवेअर, वेल्डर कोणीच मिळणार नाही, आणि रविवारी तर विचारूच नका.

नंबर लॉक असेल आणि नंबर विसरलात तर कापायची गरज बहुतेक पडत नाही. तीन चक्रांचं लॉक म्हणजे ००० ते ९९९, एक हजार आकडे. एका आकड्याला दोन सेकंद धरले तर सगळे मिळून अर्ध्या तासाच्या थोडं वर, कट्ट्यावर बसून पोरं सहज करतात. चार चक्रांचं असेल तर दहा हजार आकडे होतात, त्याला साडेपाच तास, ते सगळे करू नका. आधी ०००० बघा, नवीन लॉक बहुतेक त्यावरच येतं आणि कितीजण तो बदलतच नाहीत. मग घरातल्या जन्मसालं, गाडीचा नंबर, जुन्या फोनचा पिन. मग हे बघा की लॉक लावताना माणूस सगळी चक्रं फिरवत नाही, एखादंच इकडंतिकडं करतो, म्हणून सध्या जे आकडे दिसतायत त्यांच्या आजूबाजूचे आकडे एकेका चक्रावर करून बघा. समुद्राजवळ राहत असाल तर आकडा बरोबर असून पण लॉक उघडत नाही असं होतं, आत मीठ आणि गंज बसलेला असतो, गंज सोडवायचा थोडा स्प्रे मारून चक्रं फिरवा आणि परत बरोबर आकड्यावर ओढा.

स्प्रेवरून आठवलं. चावी आहे पण फिरत नाही, किंवा तुटून अर्धी आत राहिली, ही पण चावी हरवल्यासारखीच अवस्था आणि गोव्यात ती जास्त होते. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात किनाऱ्याची खारी हवा, लोखंडाचं काय होणार. फिरत नसेल तर जोर लावू नका, जोर लावूनच चावी तुटते. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे त्याच्या बारीक नळीने आत मारा, दहा मिनिटं थांबा, चावी आत-बाहेर करा, मग हलकेच फिरवा. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर मारायच्या आधी डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, तेलाचा एक थेंब डिस्कवर किंवा पॅडवर गेला तर ब्रेक लागत नाही आणि पॅड बदलावे लागतात. साध्या ब्रेकच्या सायकलला रिम झाका. तुटलेली चावी काढायला कोरीवकामाच्या करवतीचं बारीक पातं मिळतं, ते चावीच्या बाजूने आत सरकवायचं, दात चावीच्या बाजूला आणि दातांची टोकं बाहेरच्या दिशेला असं, आणि हळूच ओढायचं, दात अडकले की तुकडा बरोबर येतो. बाहेर थोडी दिसत असेल तर लांब निमुळत्या तोंडाच्या पकडीने ओढा. तुकडा टाकू नका, चावीवाला दोन तुकडे जुळवून नवीन चावी करून देतो.

आता कापायचं. लॉक कुठलं त्यावर सगळं आहे.

रिंग लॉक आपल्याकडे सगळ्यात जास्त, त्यामुळे यावर जरा सविस्तर. घोड्याच्या नालाच्या आकाराचं ते लॉक टायरभोवती बसलेलं असतं आणि त्यातून एक गोल वाकडी दांडी स्पोकच्या मधून आरपार जाते, चाक अडवते ती हीच. लॉक फ्रेमला दोन स्क्रू नाहीतर पट्ट्यांनी बसवलेलं असतं, ते स्क्रू काढले म्हणजे सायकल सुटली असं वाटतं पण सुटत नाही, दांडी चाकात असतेच. तरी स्क्रू गंजले नसतील तर आधी ते काढाच, कारण मग लॉक रिमवर थोडं मागंपुढं सरकवून दांडी आपल्याला सोयीच्या जागी आणता येते, मडगार्ड आणि ब्रेकच्या अडचणीतून बाहेर. पदेराची, म्हणजे पाववाल्याची सायकल असेल, मागं पावाची मोठी टोपली असलेली, तर टोपली आधी उतरवा, तिच्या खाली हात जात नाही आणि सायकल कलली तर तीच अंगावर येते. दांडीच्या दोन्ही बाजूंच्या तारांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. सायकलची तार २ मिलिमीटरची असते, पातं घसरलं तर दोन फटक्यात अर्धी होते आणि मग ती भर रस्त्यात खड्ड्यावर तुटते.

हॅक्सॉचं पातं १२ इंची, दुकानात एका इंचाला २४ दातांचं मागा. दात मोठे असले की बारीक दांडीवर अडकून तुटतात, नियम असा की कापताना कमीत कमी तीन दात धातूवर पाहिजेत. स्वस्त काळं पातं घेऊ नका, बायमेटल घ्या, थोडे पैसे जास्त जातात पण काम होतं. फ्रेममध्ये पातं लावताना दात पुढच्या दिशेला, कापायचं ढकलताना, परत येताना दाब सोडायचा. पण बऱ्याचदा हॅक्सॉची पूर्ण फ्रेम तारांच्या मधे शिरतच नाही, मग नुसतं पातं वापरायचं, एका टोकाला जाड कापड गुंडाळून मूठ करायची आणि इथं उलटं, दात स्वतःकडे करून ओढताना कापायचं, ढकललं तर पातं वाकतं. घाई करू नका, मिनिटाला चाळीसपन्नास ओढी पुरतात, जोरात केलं की पातं तापतं आणि दात मरतात. एक थेंब तेल सोडत राहा. स्वस्तातल्या लॉकची दांडी मऊ लोखंडाची असते, शांतपणे केलं तर कापली जाते. पातं नुसतं घसरतंय, धातूवर ओरखडाच उठत नाही असं झालं तर दांडी कडक केलेली आहे, तिथं हॅक्सॉचा वेळ घालवू नका. कापून झालं की काही लॉकमध्ये आतली स्प्रिंग उरलेली दांडी झटक्यात मागं ओढते, त्यामुळे शेवटच्या क्षणी तोंड जवळ नको, बोट पण नको. मागं गेली नाही तर पकडीने वाकवून काढा, नाहीतर दुसरा काप घ्या.

केबल लॉक सोपं वाटतं पण हॅक्सॉने त्रास देतं. आत बारीक बारीक तारांचा पीळ असतो, पातं लागलं की तारा फिसकटतात आणि दातात अडकतात. जिथं कापायचं तिथं इन्सुलेशन टेप घट्ट पाच-सहा वेढे मारा, मग टेपवरूनच कापा, तारा जागेवर राहतात. त्याच्यापेक्षा बरं म्हणजे वायर कटर, वरचं प्लॅस्टिक सुरीने सोलून काढायचं आणि एकेक पीळ सुटा करून कापत जायचं. अख्खी केबल एकदम कापायला बोल्ट कटर, म्हणजे लांब दांड्यांची लोखंड कापायची कात्री, लावला तर साध्या कटरमध्ये ती चपटी होऊन मधे अडकते, स्टीलच्या तारांची केबल कापायचा वेगळा कटर येतो, गोल तोंडाचा, त्याने एका दाबात होतं. तारांची टोकं सुईसारखी असतात, हातमोजे घाला.

साखळी आणि कुलूप असेल तर आधी ठरवा दोघात कमजोर कोण. नुसत्या डोळ्यांनी कळत नसेल तर कानसेचा एक फटका दोघांवर मारून बघा, जिथं कानस धरते तो मऊ, जिथं घसरते तो कडक. साध्या कुलपाची कडी ६-८ मिलिमीटरची असेल तर २४ इंची बोल्ट कटर पुरतो, एक दांडा जमिनीला टेकवा आणि दुसऱ्यावर अंगाचं वजन टाका. एका बाजूने कापून भागत नाही हे आधीच लक्षात ठेवा, कुलूप बंद असताना कडी फिरत नाही, त्यामुळे फटीतून साखळी निघेल एवढं तरी वाकवावं लागतं नाहीतर दोन्ही बाजू कापाव्या लागतात. साखळीच्या कडीचं पण तेच, दोन्ही अंगांना काप. पितळी कुलूप असलं तरी वरची कडी बहुतेक स्टीलचीच असते, बॉडी कापायला जाऊ नका. बोल्ट कटर एका कामासाठी विकत घेऊ नका, महाग असतो, बांधकामवाल्यांकडे सळ्या नाहीतर जाळी कापायला असतो, मागितला तर देतात.

यू लॉक, डी लॉक म्हणतात ते, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला जाड दांडा असलेलं, चांगल्या कंपनीचं असेल तर ते कडक स्टीलचं असतं, तिथं हॅक्सॉ नाही आणि हातातला कटर पण नाही, कटरचीच धार जाते. यूट्यूबवर थंड स्प्रे मारून हातोडीने फोडतात, पेनाच्या नळीने उघडतात असले व्हिडिओ आहेत. पेनाचं खरं होतं, २००४ मध्ये अमेरिकेत गोल चावीची काही लॉक साध्या बॉलपेनने उघडतात असं निघालं आणि कंपनीला लॉक बदलून द्यावी लागली, पण ती जुनी लॉक, आजच्या चपट्या चावीच्या लॉकवर ते चालत नाही. हातातलं पेन मोडेल आणि चावीवाल्याला जे काम सोपं झालं असतं ते भोकात प्लॅस्टिक अडकून बसल्यामुळे कठीण होईल. यू लॉकला ग्राइंडरच.

ग्राइंडर जमत असेल तरच हातात घ्या, आणि हे मी मनापासून सांगतोय. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, चकती फुटली तर तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही. कधी वापरला नसेल तर सायकल उचलून फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या, ग्रिल-गेट बनवणारे प्रत्येक गावात आहेत, कुंडई, वेर्णा, बेतोडा इस्टेटीत तर रांगेने, त्यांचं हे एक मिनिटाचं काम. स्वतः करणार असाल तर चकती १ मिलिमीटर जाडीची कापायची, घासायची जाड चकती नव्हे. चकतीच्या मधल्या लोखंडी कड्यावर महिना आणि साल छापलेलं असतं, ती तिची मुदत. मुदत गेलेली किंवा पावसाळाभर ओल्या शेडमध्ये पडलेली चकती लावू नका, ती डिंकाने बांधलेली असते आणि दमटपणाने कमजोर होते. गार्ड काढायचा नाही. गॉगल पूर्ण बंद बाजूंचा, उन्हाचा नव्हे. सैल बाह्या, गळ्यातली चेन, ओढणी, लांब केस सगळं आवरून. हातमोजे चामड्याचे आणि घट्ट, सुती सैल मोजा चकतीत ओढला जातो.

ठिणग्या कुठं जाणार ते आधी बघा. शेजारी स्कूटर उभी असेल तर हलवा, पेट्रोलचा विषय आहे. उन्हाळ्यात सुकं गवत, झावळ्या, माडाच्या सोडणांचा ढीग असला तर तिथं नकोच, बादलीभर पाणी जवळ ठेवून मोकळ्या जागी. फ्रेमवर आणि टायरवर ओलं जाड गोणपाट टाका, लॉकच्या मागं पत्र्याचा तुकडा धरा, नाहीतर ठिणग्या रंगात रुतून बसतात आणि दोन पावसात तिथं गंजाचे ठिपके येतात. पावसात किंवा ओल्या जमिनीवर वायरचा ग्राइंडर अजिबात नको, बॅटरीवाला कोणाकडे असेल तर तो बघा. लॉक ताणलेलं असू नये, आतल्या बाजूला दाबलेलं पण असू नये. काप मिटायला लागला की चकती आत धरली जाते आणि ग्राइंडर उलटा उडतो, म्हणून एकाने सायकल धरायची आणि काप उघडा राहील असं लॉक टेकवायचं. दोन्ही टोकांना खिळ लागणारं यू लॉक असेल तर एका कापाने फिरत नाही, दोन ठिकाणी कापावं लागतं. मधे थांबा, लॉक एवढं तापतं की प्लॅस्टिकचं कव्हर जळून धूर येतो, तो नाकात घेऊ नका, कव्हर आधीच सोलून टाका.

कापल्यावर तुकडे हाताने उचलायचे नाहीत, पाणी ओता आणि मग. लोखंडाचा कीस झाडून घ्या, जुन्या स्पीकरचा चुंबक असेल तर कागदात गुंडाळून जमिनीवरून फिरवा, तिथं पोरं अनवाणी खेळतात, कुत्री-गुरं फिरतात. मग चाक उचलून फिरवा, डोलतंय का बघा, तारा बोटाने एकेक वाजवा, एखादी सैल किंवा कापलेली असेल तर आवाज वेगळा येतो, लगेच बदलून घ्या. टायरची बाजू बघा, ठिणगीने भोक पडलं असेल तर ते संध्याकाळी कळतं. कापलेलं लॉक भंगारवाल्याला.

नवीन लॉक घेताना गोव्याची हवा लक्षात घेऊन घ्या. पितळी बॉडी किंवा स्टेनलेसचं, चावीच्या भोकाला सरकतं झाकण असलेलं. सायकलला लावताना भोक खाली तोंड करून राहील असं लावा म्हणजे पाणी साचत नाही. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी झाली की परत एकदा लॉकमध्ये ग्रॅफाइटची पूड घाला, नाही मिळाली तर पेन्सिलचं शिसं कानसेवर घासून ती काळी पूड चावीला लावा आणि चावी दहा वेळा आत-बाहेर करा. खोबरेल तेल घालायची सवय घराघरात आहे, ती सोडा, तेल सुरुवातीला बरं चालतं, मग त्यात धूळ आणि वाळू बसते आणि चिकट होऊन पुढच्या पावसात लॉक पूर्ण जाम. दोन चाव्या आल्या की त्याच दिवशी वेगळ्या करा, एक तुमच्याकडे आणि एक घरी दाराजवळच्या खिळ्याला नाहीतर शेजारच्या काकूंकडे, जिथून फोनवर मागवता येईल. चावीवर नंबर असेल तर तो वहीत लिहा. बिलाचा, फ्रेम नंबरचा आणि अख्ख्या सायकलचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, फोन बदलला तरी बॅकअपमध्ये राहतो. शाळेत सायकल नेणाऱ्या पोराला चावीचं लॉक देण्यापेक्षा चार आकड्यांचं द्या आणि आकडा त्यालाच ठरवू द्या, फक्त तो तुम्हाला पण माहीत असू दे.